दोन व्यक्तींसाठी

लाँड्रीत पंचवीस वर्षं पुरी झाली त्या दिवशी मालकांनी सगळ्यांदेखत धाकटीच्या हातात एक पाकीट ठेवलं. टाळ्या वाजल्या. कोणीतरी "भाषण, भाषण" म्हणून ओरडलं. "कसलं डोंबलाचं भाषण, तिकडे कॉफीचा डाग भिजत घातलाय," असं म्हणत ती आपल्या टेबलाकडे परत गेली. लग्न करून घरात आली तेव्हा ती धाकटी सून होती, म्हणून सगळे तिला धाकटी म्हणत. आता छप्पन्नावं चालू होतं, सासू-सासरे जाऊन जमाना लोटला होता, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. जगाचे डाग काढतेस आणि तुझा स्वतःचा एक निघत नाही, असं तिचा नवरा म्हणायचा.

पाकिटात आठ तिकिटं होती, शहरातल्या आठ हॉटेलांची. ही आठही हॉटेलं मालकांची गिऱ्हाइकं. त्यांचे टेबलक्लॉथ, नॅपकिन आणि आचाऱ्यांचे पांढरे कोट गाठोड्यांनी लाँड्रीत यायचे आणि डाग असलेला प्रत्येक कपडा धाकटीच्या हाताखालून जायचा. त्यामुळे एकाही हॉटेलात पाऊल न टाकता ती आठांनाही आतून ओळखून होती. कोणाच्या सॉसमध्ये टोमॅटो कमी आणि रंग जास्त, कोण लोण्याच्या नावाखाली भलतंच काही वापरतं, कुठले लोक जेवताना भांडतात, हे तिला कापडावरून कळायचं. भांडणाचा डाग लांब असतो, म्हणायची ती. पेला सांडला तर गोल पडतो, ढकलला तर लांब.

प्रत्येक तिकिटावर छापलं होतं: 'दोन व्यक्तींसाठी दुपारचं जेवण, शेवटी गोड पदार्थासह. एका व्यक्तीस चालणार नाही.' मुदत चार महिन्यांची.

"चला की माझ्याबरोबर," संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली. तो घड्याळं दुरुस्त करायचा. गेल्या वर्षी पोटाचं ऑपरेशन झाल्यापासून दुकान बंद होतं आणि खाणं म्हणजे सगळं चुरून, गाळून, वाटीतून.

"मी तिथे येऊन काय करू? तू मासा खाशील आणि मी तुझ्याकडे बघत लापशी पिईन?"

"मग कोणाला नेऊ?"

मुलगा दूरच्या गावी. लाँड्रीतल्या इस्त्रीवालीशी तिचं जमायचं, पण तिची सुट्टी वेगळ्या दिवशी. एवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि दारात थोरली उभी राहिली. थोरली म्हणजे तिची मोठी जाऊ. नऊ वर्षांपूर्वी दीर गेल्यापासून ती खालच्या मजल्यावर एकटीच राहायची, पण वरच्या मजल्यावरचं कुठलंही बोलणं तिच्या कानातून सुटत नसे.

"मी येते," थोरली म्हणाली. "तुला तरी तिथे एकटीला काय कळणार आहे?"

एकतीस वर्षं हे असंच चाललं होतं. डॉक्टरकडे नेलं, की थोरलीच सांगणार, "हिला भूक लागत नाही," आणि तेव्हा धाकटीच्या पोटात कावळे ओरडत असायचे. दुकानात गेलं, की थोरलीच सांगणार, "हिला गडद रंग शोभत नाहीत." मुलाच्या लग्नाची बोलणी करायला मुलीचे आईवडील आले तेव्हा त्यांनी धाकटीला काहीतरी विचारलं. थोरली त्यांच्यापुढे बशी सरकवत म्हणाली, "तिला काय विचारता, मला विचारा." दुसऱ्या दिवशी धाकटीने वरच्या मजल्यावर वेगळी शेगडी मांडली. त्यालाही सहा वर्षं झाली. तरी त्या दिवशी थोरलीला तोंडावर "नको" म्हणायला तिची जीभ वळली नाही, आणि पुढे या गोष्टीसाठी ती स्वतःलाच सगळ्यात जास्त शिव्या घालणार होती.

पहिलं हॉटेल एका कापडबाजाराच्या तिसऱ्या मजल्यावर होतं. दाराशीच एक टेबल रिकामं होतं, सारखी वर्दळ, येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का खुर्चीला लागणार असं. धाकटी तिथेच टेकली. "तू बस, मी हात धुऊन येते," म्हणून थोरली आत गेली. ती परत यायच्या आधीच खुद्द मॅनेजर आला.

"मॅडम, इथे नका बसू. या ना, खिडकीपाशी या."

त्याने तिची खुर्ची मागे ओढली, ती बसेपर्यंत धरली आणि अलगद पुढे सरकवली. धाकटीच्या आयुष्यात खुर्ची कोणी ओढली नव्हती. ओढलीच असेल तर थट्टेत, ती पडावी म्हणून. खिडकीतून खालची सगळी गल्ली दिसत होती, छत्रीवाला, चाव्या बनवणारा, उन्हात झोपलेलं कुत्रं. थोरली येऊन समोर बसली. वेटर आला आणि त्याने थोरलीकडे न बघता आधी धाकटीला विचारलं, "मॅडम, आपण काय घ्याल?"

"तिला सूप द्या," थोरली म्हणाली. "फार घट्ट नको."

"मला सूप नकोय, वहिनी."

"तुला कळत नाही. सूप द्या."

सूप आलं, त्यामागून भाजलेली कोंबडी आली, आणि शेवटी संत्र्याचं पुडिंग. धाकटीच्या ताटलीतला तुकडा थोरलीच्या दीडपट होता. कडेला पुदिन्याचं पानही फक्त तिच्याच. थोरलीने ते बघितलं, ओठ मुडपले आणि म्हणाली, "चमचा असा मुठीत धरू नकोस, लोक बघतात." मग एक घास बघते म्हणत तिच्या पुडिंगचा निम्मा फडशा पाडला.

पण धाकटीला त्याचं काही वाटलं नाही. ती घरी आली ती तरंगतच.

दुसऱ्या हॉटेलात तेच झालं. तिसऱ्यातही. थोरली हात धुवायला जायची आणि ती येईतो कोणी ना कोणी येऊन धाकटीचं टेबल बदलायचं, पंखा कमी करायचं, पाठीला उशी द्यायचं. चौथ्या हॉटेलात तर आचारी बाहेर आला, जळक्या साखरेचं आइस्क्रीम त्याने स्वतःच्या हाताने तिच्यापुढे ठेवलं आणि म्हणाला, "सावकाश खा. घाई नाही." त्याच्या कोटाच्या बाहीवर बिटाचा जुना डाग होता. तो आपल्याच हातून नीट निघाला नाही हे धाकटीने ओळखलं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने नवीन बूट घेतले. केस नीट कापून घेतले. लाँड्रीत जेवणाच्या सुट्टीत ती इस्त्रीवालीला सांगायची, "अगं, मला बघून मॅनेजर उठून उभा राहिला. मी काही बोललेसुद्धा नव्हते."

"तुझ्या चेहऱ्यातच काहीतरी असेल," इस्त्रीवाली म्हणायची. "आम्हीच ओळखलं नाही इतकी वर्षं."

धाकटी हे मनावर घ्यायची. संध्याकाळी आरशासमोर जरा जास्त वेळ उभी राहायची. शेजारी थोरली नसती तर काय बहार आली असती, असं तिला वाटायचं. कारण थोरली प्रत्येक जेवणात काहीतरी लागेल असं बोलायचीच. "तू चावतेस तेव्हा आवाज होतो." "हे तुझ्या बापाने तरी खाल्लं होतं का कधी?" "पुरे आता, ढेकर देशील." धाकटी मनातल्या मनात उत्तर द्यायची आणि वरून गप्प राहायची. लोक तिच्याकडे बघत होते ना. मानाने बघत होते. मग थोरलीची बडबड ऐकून घेण्याइतकी तिची छाती मोठी झाली होती.

पाचवं हॉटेल नदीच्या बाजूला होतं, छोटं, सात-आठ टेबलांचं. वाढायला एक पन्नाशीची बाई होती, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेली. जेवण झालं आणि थोरली उठून आत गेली. तेवढ्यात वाढणारी बाई चॉकलेटच्या केकची ताटली घेऊन आली. केक मधून कापला होता आणि आतला गरम पातळ भाग हळूहळू बाहेर येत होता.

"आम्ही हे मागवलं नाही," धाकटी म्हणाली. "आमचं गोड खाऊन झालं."

"हे माझ्याकडून." बाई तिच्या खुर्चीशी खाली बसली आणि तिने धाकटीचा हात हातात घेतला. "माझ्या आईलाही हेच झालं होतं, ताई. शेवटी शेवटी तिला फक्त गोडच जायचं."

"हेच म्हणजे काय?"

बाईचा हात एकदम सैल पडला. "काही नाही. खा तुम्ही. गरम आहे तोवर खा."

"काय झालं होतं तुमच्या आईला?"

"मी उगाच बोलले. त्या मॅडमनी बजावलं होतं, की तुम्हाला अजून सांगितलेलं नाही…" आणि ती इतक्या झटकन उठली की टेबलावरचा पेला कलंडला.

पाणी टेबलक्लॉथवर गोल पसरलं. धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. थोरली परत आली, केक बघून म्हणाली, "वा, आणखी एक?" आणि चमचा घेऊन बसली.

त्या क्षणी धाकटीला कसल्याही लबाडीची शंका आली नाही. तिला एवढंच कळलं की आपण मरणार आहोत आणि घरच्यांना ते ठाऊक आहे. थोरलीने तीस वर्षं हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीत काढली होती. तिथले सगळे डॉक्टर तिच्या ओळखीचे. दोन महिन्यांपूर्वी लाँड्रीतल्या सगळ्यांची रक्ततपासणी झाली होती आणि धाकटीचा रिपोर्ट आणायला थोरलीच गेली होती. घरी येऊन म्हणाली होती, "काही नाही त्यात, फेकून दिला." फेकून दिला! रिपोर्ट कोण फेकतं?

पुढचे दोन दिवस ती तेच धरून बसली.

"अहो," तिने नवऱ्याला विचारलं, "माझ्याबद्दल काही लपवताय का?"

"काय लपवू? झोप आता."

तो पटकन बोलला, आणि तिला वाटलं, बघा, किती पटकन बोलला. लाँड्रीत अंड्याच्या डागावर तिने गरम पाणी ओतलं. नवशिकी पोरसुद्धा ही चूक करत नाही. गरम पाण्याने अंडं कापडात शिजून बसतं आणि जन्मात निघत नाही. मालक काही बोलले नाहीत. त्यांनाही हे ठाऊक असणार, तिला वाटलं. म्हणूनच दिली असतील तिकिटं. मरणाऱ्या बाईला खाऊपिऊ घालायचं म्हणून. तिने मुलाला फोन केला आणि काही न सांगता नातवाला काय आवडतं ते दोनदा विचारलं. कपाटातले बरे कपडे वेगळे काढले, कोणाला काय द्यायचं ते मनाशी ठरवलं, आणि थोरलीच्या वाट्याला काहीच ठेवलं नाही.

तिसऱ्या दिवशी मात्र ती अर्धी रजा टाकून डॉक्टरांकडे गेली. जन्मात पहिल्यांदाच एकटी.

"जे असेल ते मला सांगा," ती म्हणाली. "रडणार नाही मी."

डॉक्टरांनी तिचा रिपोर्ट पुन्हा मागवून घेतला, चष्मा वर करून बघितला, खाली करून बघितला. "तुमचं वजन दोन किलोने वाढलंय," ते म्हणाले. "गोड जरा कमी करा."

"एवढंच?"

"एवढंच. कोणी घाबरवलं तुम्हाला?"

धाकटी बाहेर आली आणि रस्त्याच्या कडेला बाकावर बसली. जिवात जीव आला म्हणून तिला रडू यायला हवं होतं. त्याऐवजी एकेक खुर्ची, एकेक उशी, एकेक पुदिन्याचं पान तिच्या डोळ्यांपुढे यायला लागलं. थोरली हात धुवायला जायची. परत यायची तेव्हा तिचे हात कोरडे असायचे. या पाच हॉटेलांत ज्या ज्या माणसाने तिच्याकडे बघितलं होतं, त्याला तिच्यात एक मढं दिसलं होतं. आणि ती स्वतः नवीन बूट घालून मिरवत होती! तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

घरी गेल्यावर ती थोरलीच्या दाराशी थांबली नाही. फक्त जिन्यावरून सांगितलं, "वहिनी, सहाव्या हॉटेलात उद्या जायचं. मी कामावरून परस्पर येते. तुम्ही तिथेच या."

ती दहा मिनिटं आधी पोचली. मॅनेजर टकला, कानाला पेन्सिल खोचलेला, बोलण्यात सौम्य.

"माझ्याबरोबर माझी मोठी जाऊ येणार आहे," धाकटी त्याला म्हणाली. "आल्या आल्या ती तुम्हाला बाजूला घेऊन सांगेल, की मी फार आजारी आहे, थोड्याच दिवसांची आहे. तुम्ही हो म्हणा. खरं उलटं आहे. आजार तिला आहे. तो डोक्यात चढलाय, त्यामुळे तिला वाटतं तो मलाच झालाय."

खोटं इतकं सरसर येतं हे तिला माहीतच नव्हतं.

"अरेरे," मॅनेजर म्हणाला. "काय चालतं त्यांना?"

"मीठ नको. तेल नको. साखरेचा कणही नको. सगळं उकडून, चुरून. मला मात्र तुमचा लोण्यातला मासा द्या."

थोरली आली. ठरल्याप्रमाणे मॅनेजरला बाजूला घेतलं, मान तिरकी केली आणि हॉस्पिटलच्या खिडकीत तीस वर्षं घासून गुळगुळीत केलेल्या आवाजात काहीतरी कुजबुजली. मॅनेजर मान डोलवत होता. मग त्याने थोरलीचा कोपर काचेसारखा धरला आणि तिला खुर्चीपर्यंत आणून बसवलं. थोरलीच्या कपाळाला आठी पडली.

मासा आला, कडेने लालसर भाजलेला, वर लोणी चरचरत असलेला. थोरलीपुढे उकडलेलं गाजर, दुधी रंगाचा चुरलेला बटाटा आणि कोमट पाणी.

"हे काय?"

"खास तुमच्यासाठी," मॅनेजर वाकून म्हणाला. "पोटाला हलकं. सगळं ठीक होईल हं."

थोरलीने बटाट्याकडे बघितलं. मग मॅनेजरच्या ओल्या डोळ्यांकडे. मग समोर, धाकटीकडे. धाकटीने माशाचा मोठा तुकडा तोंडात घातला आणि आवाज करत चावला.

एकतीस वर्षांत पहिल्यांदा तिने थोरलीला गप्प झालेलं बघितलं. मोजून दोन घास टिकलं ते सुख.

थोरलीने नॅपकिन उचलला आणि डोळ्यांना लावला. "मला ठाऊक आहे," ती मॅनेजरला म्हणाली. आवाज हळू, पण चार टेबलांपलीकडे पोचेल असा. "मला सगळं ठाऊक आहे हो. हिलाच वाटतं की मला कळत नाही. हिचं मन राखायला मी म्हणते की आजार हिलाच आहे."

शेजारच्या टेबलावर दोन बायका आणि एक म्हातारा बसले होते. त्यांचे काटे हवेत थांबले.

"किती दिवस?" एका बाईने विचारलं.

"दिवस कोणी मोजायचे," थोरली म्हणाली.

ती बाई उठून आली आणि तिने थोरलीच्या खांद्यावर हात ठेवला. मग ती धाकटीकडे वळली. "आणि त्यांच्यासमोर तुम्ही हे असं लोण्यातलं खाताय? काही वाटतं का जनाची?"

"खाऊ द्या तिला," थोरली म्हणाली. "बिचारीने जन्मभर दुसऱ्यांची उष्टी फडकी धुतली. मी गेल्यावर तिला विचारणारं तरी कोण आहे?"

मॅनेजरने हाताने खूण केली. थोरलीपुढे एकामागून एक गोड यायला लागलं: कॅरॅमल कस्टर्ड, स्ट्रॉबेरीचा केक, बदामाचं आइस्क्रीम. "आता कसलं पथ्य," तो पुटपुटला. थोरलीने मोठ्या कष्टाने चमचा उचलल्यासारखं केलं आणि नॅपकिनच्या आडून धाकटीकडे बघितलं. ती हसत होती.

धाकटी उठून उभी राहिली. आवाज ठणठणीत निघाला.

"हिला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "मलाही काही झालेलं नाही. आम्ही दोघी जावा आहोत, दोघी धडधाकट आहोत, आणि आम्हाला एकमेकींचं तोंड बघायची इच्छा नाही. पाच हॉटेलांत हिने सांगितलं की मी मरतेय. आज इथे मी सांगितलं. खोटं आहे सगळं."

खांद्यावर हात ठेवलेल्या बाईने तो उचलला. भाजला असावा तसा.

थोरलीने नॅपकिन खाली ठेवला. आता ती रडत नव्हती. "सांगितलं मी," ती म्हणाली. "त्यात काय बिघडलं? खिडकीपाशी बसलीस ना? दोनदोनदा गोड खाल्लंस ना? तुझ्यासाठी कोण खुर्ची ओढणार होतं एरवी?"

"दोन दिवस मी मेले होते, वहिनी. दोन दिवस. कपडे वाटायला काढले होते मी."

क्षणभर थोरलीच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं. मग ती म्हणाली, "मी माझंच सांगितलं असतं. पण माझ्याकडे बघून कोणाला पटलं असतं? तुझ्या तोंडावर ते आधीपासूनच लिहिलेलं आहे. मी नुसतं वाचून दाखवलं."

उत्तरं धाकटीला नेहमी मागाहून सुचायची, इस्त्रीच्या वाफेत, दोन दिवसांनी. तिने पर्स घेतली, मॅनेजरसमोर थांबली आणि म्हणाली, "तुमच्याशी खोटं बोलले. चुकले." तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुम्ही जा आता." खुर्च्यांमधून दारापर्यंत जाताना कोणी पाय आवरून घेतले नाहीत.

बसथांब्यावर ती वीस मिनिटं उभी होती. बस यायच्या जरा आधी थोरली आली. तिच्या हातात दोरी बांधलेला पुठ्ठ्याचा खोका होता. उरलेलं गोड तिने बांधून घेतलं होतं! ती धाकटीपासून दहा पावलांवर उभी राहिली. बसमध्ये एक पुढे बसली आणि एक मागे.

घरी आल्यावर धाकटीने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ऐकता ऐकता हसायला लागला. पोटाला धरून हसला. "वहिनी म्हणजे ना… आणि तूही काही कमी नाहीस!"

"हसा," धाकटी म्हणाली. "बायको दोन दिवस मरणाची वाट बघत होती, हसा त्यावर."

तो थांबला. "मला का नाही बोललीस?"

"विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, झोप."

तिने त्याचा भात चुरला, गाळला, वाटी त्याच्यापुढे जरा जोरानेच ठेवली आणि गॅलरीत जाऊन बसली.

आठवडा गेला. एका सकाळी ती कामाला निघाली तेव्हा थोरली आपल्या दारात पायपुसणं झटकत होती. जणू काही झालंच नव्हतं अशा थाटात तिने विचारलं, "सातव्याला कधी जायचं?"

"तिकिटं देऊन टाकली."

"कोणाला?"

"इस्त्रीवालीला. ती आणि तिचा नवरा जातील."

"म्हणजे दोन जेवणं फुकट घालवलीस."

"हो," धाकटी म्हणाली. "आणि आणखी दोन असती तर तीही घालवली असती." दोघींमधलं हे शेवटचं बोलणं. त्यानंतर खालचं दार आणि वरचं दार यांच्यात फक्त नवऱ्यामार्फत निरोप जायचे. त्यालाही लवकरच कंटाळा आला आणि ते बंद झाले.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी धाकटी एकटी निघाली. ज्या हॉटेलाचा एकही कपडा त्यांच्या लाँड्रीत येत नाही असं एक तिने शोधून काढलं होतं, स्टेशनमागच्या रस्त्यावर. आत कोणी तिच्यासाठी उठलं नाही. वेटरने हनुवटीनेच एक टेबल दाखवलं, आतल्या भिंतीला लागून, मोरीच्या दाराशी. तिथलं दार उघडमीट झालं की फिनेलचा वास यायचा. टेबलक्लॉथवर तेलाचा डाग होता, किमान तीन धुण्यांचा जुना.

तिने मेनू उघडला. सगळं वाचायचं ठरवलं, पहिल्या ओळीपासून. वेटर शेजारी उभा राहून बोटांनी वही वाजवत होता.

"काकू, लवकर सांगा. गर्दी आहे."

"थांबा, वाचतेय."

तो निघून गेला आणि बराच वेळ फिरकला नाही. आला तेव्हा तिने पास्ता सांगितला, नंतर लिंबाचा केक. सूप नको, हे न विचारता दोनदा सांगितलं. पास्ता आला. तिने एक घास खाल्ला आणि हात वर केला. कोणी बघितलं नाही. मग ती जरा मोठ्याने म्हणाली, "ओ भाऊ!" तीन टेबलांवरची माणसं वळली.

"काय झालं?"

"गार आहे हे."

"आत्ताच आणलंय मी."

"आणलं असेल. गार आहे. घेऊन जा आणि गरम करून आणा."

वेटरने तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत दया नव्हती, आदर नव्हता, नुसती कटकट होती. "सगळे असंच खातात इथे," तो म्हणाला.

"मी नाही खाणार."

त्याने ताटली अशी उचलली की काटा खाली पडला. तो त्याने उचलला नाही. धाकटीने वाकून उचलला, शेजारच्या रिकाम्या टेबलावरचा स्वच्छ काटा स्वतःच्या नॅपकिनने पुसून घेतला आणि वाट बघत बसली. मोरीचं दार उघडलं, मिटलं. पंधरा मिनिटांनी पास्ता आला. कडेने करपला होता, पण वाफ निघत होती. ती खाली मान घालून सगळा जेवली. मग केक आला, कोरडा, लिंबू नावालाच. तिने दोन घास खाल्ले, तिसरा तोंडाशी नेऊन परत ठेवला आणि ताटली बाजूला सारली.

"आवडला नाही?" वेटरने जाता जाता, उत्तराची वाट न बघता विचारलं.

"अजिबात नाही," धाकटी म्हणाली, आणि तो ऐकायला थांबला नव्हता म्हणून त्याच्या पाठीला उद्देशून पुन्हा एकदा मोठ्याने म्हणाली.